हळद लावलेले कवेलू

आमच्या बाजूला घरावर चढवायचा माल गाडीतून उतरण्यापूर्वी त्याची पूजा होते. पहिल्या कवेलूला, म्हणजे कौलाला, घरधन्याने हळदकुंकू लावायचे, बैलांच्या कपाळांना लावायचे, नारळ फोडायचा, माल आणणाऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा घालायचा आणि तो पहिला कवेलू स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवायचा. सगळे छप्पर झाले की शेवटी आढ्यावर तोच चढतो. या चालीत वाईट असे काहीच नाही. वाईट एवढेच की, आमच्या गावच्या एका कारखानदाराने या पूजेची पावती करून टाकली होती, आणि ही गोष्ट मला गोंदियाच्या दिवाणी कचेरीत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असताना समजली.

दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीची ही हकीकत आहे. मी तेव्हा गोंदियाच्या एका हायस्कुलात संस्कृत आणि इंग्रजी शिकवीत असे. वर्गाबाहेर चार माणसांसमोर बोलणे मला कधी साधले नाही; लिहिणे तर नोकरी संपेपर्यंत सुचलेही नाही. भाड्याच्या खोल्यांत बरीच वर्षे काढल्यावर कुडव्याच्या वाटेवर आम्ही एक लहानसे घर बांधायला काढले. विटा झाल्या, सालेकशाच्या बाजूच्या माझ्या सासरच्या माणसांनी लाकूड मिळवून दिले, आणि कवेलूंसाठी मी त्याच वाटेवर, बाजारपेठेच्या पलीकडे असलेल्या कारखान्यात गेलो.

कारखानदार दर सोमवारी नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला जाई आणि मंगळवारपर्यंत भस्म पुसत नसे. बोलताना तो कपाळ किंचित पुढे करी, म्हणजे समोरच्याला भस्म नीट दिसावे. भट्ट्यांच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली त्याची गादी होती. हा पत्रा मी त्या दिवशी पाहिला आणि त्याविषयी काही विचार केला नाही. कवेलूंचा कारखानदार स्वतः पत्र्याखाली बसतो, यात विचार करण्यासारखे पुष्कळ होते.

मी त्याला सांगितले की, कवेलू राहत्या घरासाठी हवेत, आमच्याकडे पाऊस कसा पडतो ते तुम्ही जाणताच, आणि मला मातीतले काही कळत नाही. तो गादीवरून हसला.

"मास्टरजी, आप किताब देखो, माती आम्ही पाहतो."

पुढे कचेरीत हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडले. त्या वेळी मात्र मला ते सौजन्य वाटले.

चैत्रात गाड्या आल्या. दोनचार कवेलू हातात घेऊन वाजवून पाहावेत, एखादा फोडून आतली माती पाहावी, अशा बेताने मी पुढे झालो. तेवढ्यात कारखानदार पहिल्या गाडीवरून उतरला आणि त्याने आपल्या झोल्यातून नारळ काढला. पाठोपाठ हळदकुंकवाचा करंडा निघाला, उदबत्ती निघाली, आणि दुपट्टासुद्धा निघाला; तो त्याने माझ्या हातात दिला, मी त्याच्या खांद्यावर घालावा म्हणून. "पहले भगवान," तो म्हणाला, "बाकी सब बाद में." शेजारीपाजारी जमले होते. मी हळद लावली, नारळ फोडला, त्याचाच दुपट्टा त्याला पांघरला. ज्या वस्तूला आताच नमस्कार केला, तिला लगेच दगडाने ठोकून पाहणे मला असभ्य वाटले. त्याने माझ्यासारखी माणसे पुष्कळ पाहिली असावीत.

माझी पत्नी दारात उभी होती. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे आणि बोलणे माहेरचे, म्हणजे ज्याला मऊ म्हणता येणार नाही असे. गाड्या गेल्यावर तिने मला विचारले, "त्याच्या झोल्यात नारळ काऊन होता जी? नारळ तं घरधन्याचा राह्यते."

मी म्हणालो, भला माणूस आहे. तिने कवेलूंच्या चळतीकडे एकदा पाहिले आणि आत गेली.

आषाढात ते कवेलू फुटू लागले. फुटू लागले म्हणजे कशाने आपटून नव्हे. प्रत्येकाच्या अंगावर आधी पांढऱ्या पुळ्या आल्या, मग त्या पुळ्यांवरचे टवके उडाले, आणि टवक्याखाली भाजलेल्या चुन्याचा एक भुसभुशीत खडा दिसू लागला. माती चुनखडीची होती. चांगली माती नदीच्या बाजूने गाड्यांनी आणावी लागते. ही भट्टीला लागून असलेल्या शेतातून खणली होती, आणि ती दळण्याचे कष्टही घेतले नव्हते. चुनखडी भट्टीत भाजली जाते, कवेलू लालभडक आणि खणखणीत निघतो, आणि ओलावा मिळाला की आतला चुना फुगून त्याला आतूनच फोडतो. वाजवून पाहिला असता तरी मला काही कळले नसते, हे पुढे समजले. त्या समजण्याने छप्पर गळायचे थांबले नाही.

धानाच्या कोठीवर पाणी आले, माझ्या पुस्तकांवर आले, चुलीवर आले. पत्नीने माहेरून बांबूचे तट्टे मागवून आतून लावले. त्या पावसाळ्यात माझ्या मनात एकच इच्छा धरली गेली, आणि मी हट्टी माणूस नसूनही ती सुटली नाही. मला भरपाई नको होती. त्या गृहस्थाने ज्या गाड्यांतून तो माल माझ्या दारी आणला, त्याच गाड्यांतून तो बाजारपेठेच्या मधून, लोकांच्या देखत, परत न्यावा, एवढेच मला हवे होते.

मी गादीवर गेलो. पत्नी बरोबर आली, कारण मी एकटा गेलो तर चहा पिऊन परत येईन अशी तिला खात्री होती. फुटलेला एक कवेलू मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे जरा दुःखाने पाहिले.

"मास्टरजी, हल्दी लगी हुई लडकी कोई वापस भेजता है क्या?"

गादीवरचे मुनीम हसले. पत्नी बोलली.

"पोरगी पान्यात विरघळत नाही, शेटजी. तुमचा कवेलू विरघळून राहिला."

आता मुनीम हसले नाहीत. शेटजींनी चहाही मागवला नाही.

मग वकील. माझे वकील वयस्क होते, नाणावलेले होते आणि पानाचा रस तोंडात धरून बोलत. त्यामुळे त्यांचा सल्ला थोडा आणि जपून बाहेर पडे. त्यांनी मला कायदा समजावला, आणि तो चांगला समजावला, हे मान्य केले पाहिजे. मालविक्रीचा नवा कायदा आता झाला आहे, ते म्हणाले. घेणाऱ्याने कशासाठी हवे ते सांगितले असेल आणि विकणाऱ्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली असेल, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. हे कागदावर लिहिलेले नसले तरी चालते. दोष डोळ्यांना दिसणारा असता तर आपण पाहून घ्यायला हवे होते, पण पोटातला दोष विकणाऱ्याच्याच माथी. उपाय दोन. माल नाकारायचा, म्हणजे तो परत नेईल आणि दाम परत करील. किंवा माल ठेवून घ्यायचा आणि नुकसान भरून मागायचे. मी म्हणालो, नाकारायचा. "ठीक," ते म्हणाले, आणि खिडकीतून थुंकले. त्यांनी मला सगळे विचारले, हळदीचे सोडून. आपल्या गावात ज्या गोष्टी सगळेच करतात, त्या विचारण्यासारख्या वाटत नाहीत.

जाताना त्यांनी एक बजावले. छपराला हात लावू नका. तो पुरावा आहे. तेव्हापासून आम्ही पुराव्याखाली राहू लागलो.

नोटिशीला उत्तर आले. ते मी इतक्यांदा वाचले आहे की, अजून पाठ म्हणू शकेन. कवेलू उत्तम प्रतीचे होते. वादीने ते वेडेवाकडे बसवले. शिवाय कुडव्याच्या वाटेवर वानरांचा उपद्रव आहे आणि ते वानरांनी फोडले. शिवाय, कवेलूंत काही दोष असलाच, तर तो इतका उघड होता की कोणत्याही शहाण्या माणसाला घेतानाच दिसला असता. माल निर्दोष होता आणि त्याचा दोष ढळढळीत दिसत होता, ही दोन्ही विधाने एकाच सहीखाली करणाऱ्या त्या प्रतिपक्षाच्या वकिलाला मी नंतर जवळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. माझ्या वर्गात असे उत्तर लिहिणाऱ्याला मी बाकावर उभे केले असते.

दावा दाखल झाला आणि छपराची पाहणी करण्यासाठी कोर्टाने एका तरुण वकिलाला कमिशनर नेमले. ते फाल्गुनात आले. आभाळ निळे, अंगण तापलेले. त्यांनी छपराकडे हात कपाळावर आडवा धरून पाहिले, घरात येऊन वर पाहिले, आणि पाहणीच्या वेळी गळती आढळली नाही, असे लिहिले. मी मोठ्या संकोचाने सुचवले की, एखादा कवेलू बादलीभर पाण्यात टाकून ठेवला तर सारे कळेल. ते म्हणाले, हुकमात बादलीचा उल्लेख नाही. मग त्यांनी पत्नीला विचारले की, इकडे वानरे येतात काय.

"येते नं," ती म्हणाली. "पन वानर वरून फोडते, साहेब. हे आतून फुटून राहिले."

त्यांनी लिहिले: वानरे येतात असे वादीच्या पत्नीने कबूल केले.

वैशाखात माझी साक्ष झाली. वर्गात दिवसभर बोलणारा मी त्या पिंजऱ्यात उभा राहिलो आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. न्यायासनावरून मुन्सफसाहेबांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितले. प्रतिपक्षाच्या वकिलाने मला माती, पाऊस, वानरे यांतले काहीच विचारले नाही. त्याने विचारले, पहिल्या कवेलूला हळद कोणी लावली? मी. नारळ कोणी फोडला? मी. प्रतिवादीच्या अंगावर दुपट्टा कोणी घातला? मी. तो कवेलू काढून कोणी ठेवला, आणि आज तो कुठे आहे? मी, आणि आढ्यावर. ही पूजा गाडीतला माल उतरण्यापूर्वी झाली ना? झाली. आणि त्यानंतर माल तुम्ही उतरवून घेतला, घरावर चढवला? चढवला. "बस," तो म्हणाला आणि खाली बसला.

माझ्या वकिलांचे तोंड पानाने भरलेले होते; ते तसेच मिटलेले राहिले. मग मला दिसले. कायद्याला स्वीकार हवा असतो. घेणाऱ्याने माल आपला म्हटला, किंवा आपलाच मानून वापरला, की नाकारण्याचे दार बंद होते. उरते ती भरपाई. साधे गिऱ्हाईक तोंडाने 'स्वीकारला' म्हणत नाही, म्हणून या भस्मधारी गृहस्थाने स्वतःच्या झोल्यात नारळ बाळगला होता. गावातल्या किती घरांनी त्याला त्याचाच दुपट्टा पांघरला असेल! देवाला साक्षीदार म्हणून फुकट राबवणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

प्रतिवादीची साक्ष त्यानंतर झाली आणि तिच्यात तो जरा वाहवला. विजयाची चव जिभेला लागली की काही माणसांना एक घास जास्त हवा असतो. त्याने कारखान्यातून एक कोरा कवेलू आणला होता. शपथेवर सांगितले की, हा त्याच मातीचा, त्याच भट्टीचा, मास्टरजींना दिला त्याच मालातला. पाहा यात कुठे खोट आहे. कवेलू खरोखरच देखणा होता. वकिलाने तो बोटाने वाजवला. कचेरीत घंटेसारखा नाद झाला. तो कापडात बांधून, मोहर करून पुराव्यात ठेवावा, असा त्यांचाच आग्रह पडला. कचेरीतल्या जप्त वस्तू सांभाळणाऱ्या नाझराने तो नेऊन आपल्या खोलीत ठेवला.

मग त्यांनी तारखा मागायला सुरुवात केली. कधी शेटजींना ताप होता, कधी वकिलांना भंडाऱ्याला काम होते, कधी शेटजी यात्रेला गेले होते. मास्तर कंटाळून तडजोडीला येईल, हा हिशेब त्यात उघड होता आणि तो अगदी चुकीचाही नव्हता. मी कंटाळलो होतो. दुसरा पावसाळा लागला. पुराव्याखाली आम्ही पुन्हा तट्टे बांधले, धानाची कोठी ओढून भिंतीला लावली, आणि संध्याकाळी माझ्या मनात अनेकदा आले की भरपाई घ्यावी आणि मोकळे व्हावे. पत्नीला तसे म्हणालोही. ती तट्ट्याची दोरी आवळत होती.

"तो आपल्या हातानं माल वापस नेन म्हनत होते नं तुमी? मंग आता कायले घाई करता?"

श्रावणात शेवटी सुनावणी झाली. वकिलाने युक्तिवादाच्या भरात तो निर्दोष नमुना मागवला. नाझराने कापडाचे गाठोडे आणले. त्याचा आकार बदललेला दिसत होता, पण वकील बोलण्यात गुंतला होता. मोहर तोडली. मुन्सफसाहेबांनी कापड उलगडले आणि आतून टवके, लाल भुगा आणि पांढरे भुसभुशीत खडे मेजावर सांडले. तारखा मागून मागून त्यांनी तो कवेलू पावसाळ्यापर्यंत नाझराच्या ओलसर खोलीत ठेववला होता. कुणी त्यावर पाणी घातले नव्हते. हवेतला ओलावाच पुरला.

मुन्सफसाहेब फार कमी बोलणारे होते. त्यांनी एक खडा बोटांत चिमटून त्याची पूड केली, रुमालाला बोटे पुसली आणि प्रतिवादीकडे पाहिले.

"नाझराच्या खोलीत वानर आले होते का?"

पट्टेवाला हसला आणि मग खोकला.

निकाल माझ्या बाजूने लागला, असे सगळे म्हणतात. दोष पोटातला होता. तो पाहून कळण्याजोगा नव्हता. माल कशासाठी हवा ते वादीने सांगितले होते आणि माती आम्ही पाहतो असे प्रतिवादी स्वतः म्हणाला होता. तेव्हा तो बांधलेला आहे. इथपर्यंत मी मान वर करून ऐकले. पुढे हळद आली. वादीने मालाची पूजा केली, विकणाऱ्याचा सत्कार केला, माल घरावर चढवला. हा स्वीकार आहे. स्वीकारलेला माल नाकारता येत नाही. भरपाई द्यावी. माल वादीचा आहे.

माझ्या वकिलांनी माझा हात दाबला. बाहेर व्हरांड्यात शेटजी आले, भस्माचे कपाळ पुढे केले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "मास्टरजी, आप जीत गए." त्यांनी भरपाई विनातक्रार भरली. ती भरताना त्यांना दुःख झाल्याचे दिसले नाही. कवेलूंनी भरलेल्या गाड्या उलट्या दिशेने, बाजारातून, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत कारखान्याकडे जाणे, ही गोष्ट त्यांना टाळायची होती, आणि ती टळली होती.

नवे कवेलू मी परगावाहून रेल्वेने मागवले. मालधक्क्यावरून ते घरी आल्यावर पत्नीने चार आधी गुरांच्या हौदात टाकले, चांगले भिजू दिले, आणि मग हळद लावली. नारळ आमचा होता.

जुने उतरवले. ते कुठे टाकायचे, असे गड्याने विचारले, आणि मला निकालातले शेवटचे वाक्य आठवले. माल वादीचा होता. मी म्हणालो, टाकू नका, कुंपणाच्या आत, रस्त्याला लागून रचा. उघड्यावर, पावसात, नीट ओळीने. सगळ्यांत वर आढ्यावरचा तो पहिला ठेवा. त्याची हळद केव्हाच धुऊन गेली होती, पण कुंकवाचा एक डाग एका टवक्यावर शाबूत होता. मी कुठे पाटी लावली नाही, कुणाला काही सांगितले नाही. ते माझ्याने झालेही नसते. कारखान्याकडे जाणारी वाट तीच. कवेलू घ्यायला निघालेली माणसे तिथून जात, थांबत, कुंपणावरून हात घालून एखादा टवका उचलत, बोटांनी चुरत. त्यांच्यापैकी काही पुढे जात. काही तिथूनच बैल वळवीत.

दिवाळीनंतर एका सकाळी शेटजी स्वतः आले. बरोबर रिकाम्या गाड्या होत्या, माणसे होती. भस्म होते. त्यांनी ओट्याखाली उभे राहून बराच वेळ माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मग म्हणाले की, हा कचरा तुमच्या दारात शोभत नाही, सापविंचू होतात, शेजारधर्म म्हणून मी माझ्या गाड्यांनी, माझ्या माणसांकडून उचलून नेतो, तुम्हाला तोशीस नको. माझी दीड वर्षाची इच्छा माझ्या अंगणात हात जोडून उभी होती.

पत्नी दाराशी आली होती. माझ्यासाठी बोलायला तिने तोंड उघडले आणि मिटले.

"शेटजी," मी म्हणालो, "हळद लावलेला माल आहे. परत कसा देऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "चहा ठेवू का जी, शेटजीसाठी?"

चहाला ते थांबले नाहीत. आमच्या दारापुढे वाट अरुंद आहे. एकामागे एक लागलेल्या गाड्या वळवायला जागा पुरेना. शेवटची गाडी आधी मागे रेटावी लागली, मग तिच्या पुढची, आणि गाडीवान बैलांच्या वेसणी धरून ओरडत होते. येणारेजाणारे थांबून पाहत होते. शाळेला उशीर होत होता, तरी सगळ्या गाड्या वळून रिकाम्याच बाजाराच्या वाटेला लागेपर्यंत मी ओट्यावर उभा राहिलो.